पाहुणा आणि चोच

६ जानेवारी

वन्संबाईंच्या सेवेशी,

तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेस आणि तुला वन्सं म्हणण्याची मला कुणी सक्ती केलेली नाही, हे ठाऊक आहे. पण नवी सून मोठ्या नणंदेला घाबरत घाबरत लिहिते तसं सध्या माझं अक्षर येतंय. तेव्हा म्हटलं, मानही तसाच द्यावा.

हे डाव्या हातानं लिहिलंय. थेरपिस्ट बाईंनी रोज एक पान लिहायची शिक्षा दिली आहे. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "काहीही लिहा, पण कुणाला तरी लिहा. वाचणारं कुणी असलं की माणूस नीट लिहितं." घरात आम्ही दोघंच. तुझ्या दादाला पत्र लिहिलं तर तो वाचून डोळे पुसत बसणार. तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस, लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणं हाच तुझा धंदा. सापडलीस.

बसनं स्कूटर चिरडली त्याला उद्या चार महिने होतील. उजवा हात कोपराखाली वीतभर उरलाय. जखम आता पूर्ण सुकली. दिवसभर त्याला ताणाची पट्टी तिरपी-तिरपी गुंडाळून ठेवायची, म्हणजे सूज उतरून तो निमुळता होतो आणि पुढे कृत्रिम हात त्यावर नीट बसतो. कातडीला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून बाई रोज त्यावर निरनिराळी कापडं घासतात, आधी मऊ, मग खरखरीत. परवा म्हणाल्या, "आता हे लोकरी." मी डोळे मिटून होते. म्हटलं, "बाई, यात लोकर औषधालाही नाही. कुणी गळ्यात मारलं तुमच्या?" तेव्हापासून त्या मला कापड आधी दाखवतात.

गेलेला अंगठा मात्र गेल्याचं मान्य करत नाही. तो अजून कात्रीच्या कडीतच अडकलाय असं वाटतं, आणि कधी कधी इतका आवळतो की मी ओठ चावून बसते. बाई मग आरसा उभा करून त्यात डावा हात दाखवतात. आरशातला हात उजवा दिसतो, मी तो हळूहळू उघडते, आणि नसलेला अंगठा सैल पडतो. कसं ते मला विचारू नकोस, डोळ्यांचा धंदा तुझा आहे.

मला एकच हवंय, वन्सं. टेबलाशी उभं राहून पुन्हा कापायचंय. आपल्या शिवणाच्या दुकानात बावीस वर्षं मी कापलं आणि तुझ्या दादानं शिवलं. आता तोच कापतो आणि तोच शिवतो. गेल्या आठवड्यात एका विजारीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब निघाला. गिऱ्हाईक सज्जन होतं. म्हणालं, बसल्यावर कळत नाही.

तुझी,
डावरी वहिनी

१७ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. पहिली ओळ मी वाचली, दुसरी आमच्या मालकांनी वाचली, तिसरीला आम्ही दोघांनी भिंग काढलं. मालक म्हणतात, तुमच्या वहिनींची हरकत नसेल तर हे पत्र नजर तपासायच्या खोलीत लावू. जो शेवटपर्यंत वाचेल त्याला चष्मा नको.

आता थट्टा बाजूला. दादाचा फोन होता. त्यानं कुठे तरी एक हात बघितलाय. नखं आहेत, नखांत पांढरी चंद्रकोर आहे, हाताच्या पाठीवर निळसर शिरासुद्धा आहेत म्हणे. इतक्या उत्साहानं सांगत होता की मला वाटलं मुलगी बघून आलाय. तो हात घे, वहिनी. कापायचं काय घेऊन बसलीस? बावीस वर्षं कापलंस, आता गल्ल्यावर बस, गिऱ्हाइकांवर डोळे वटार, ते तुला कात्रीपेक्षाही छान जमतं.

आणि दिसण्याला नावं ठेवू नकोस. आमच्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण आधी आरशात बघतात आणि मग विचारतात, यातून दिसतं ना?

एक गोष्ट मात्र खरी सांगते. स्कूटर दादा चालवत होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला सहन होत नाही. त्या हातात त्याचा जीव अडकलाय. त्याच्यासाठी तरी घे.

तुझी,
वन्सं (आता हेच ठेव, मला आवडलं)

२१ फेब्रुवारी

वन्सं,

घेतला. तुझ्या दादाच्या आनंदासाठी माणूस काय काय घेतो, ते माझ्या कपाटातल्या साड्या बघून तुला कळलंच असेल.

हात बनवणाऱ्यांची कार्यशाळा म्हणजे आपल्या दुकानाची सख्खी बहीण. मापं, साचे, खुणा, आणि "मंगळवारी देतो" म्हणून पुढच्या मंगळवारी देणं. तिथल्या काकांनी माझ्या उरलेल्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला. त्यावरून खोळ करतात, तिला सॉकेट म्हणतात. ती हातावर घट्ट बसायला हवी, पण रुतायला नको. मी म्हटलं, "काका, कोटाच्या बगलेत आम्हीही हेच बघतो." तेव्हापासून आमची गट्टी जमली.

मग त्यांनी तीन हात मांडले. पहिला तुझ्या दादाचा लाडका, नुसता दिसायचा. दुसरा विजेवरचा. हाताचे उरलेले स्नायू आवळले की कातडीला टेकलेल्या बटणांना ते कळतं आणि बोटं मिटतात, दुसरे स्नायू आवळले की उघडतात. मी तो लावला आणि ऐटीत काकांशी हात मिळवला. बोटं मिटली, आणि मग उघडेचनात. मी घाबरून आणखी आवळलं, तशी ती आणखी मिटली. काका शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही आधी श्वास सोडा, मग मला सोडा." सवयीनं जमतं म्हणे. पण वजनाला जड, रोज चार्जिंगला लावायचा, आणि खडूची धूळ आणि इस्त्रीची वाफ त्याला सोसत नाही. म्हणजे दुकानात त्यालाच सांभाळायला माणूस ठेवा.

तिसरा म्हणजे दोन वाकड्या लोखंडी बोटांचा आकडा. अगदी पक्ष्याची चोच. मी तो उचलून बघत होते तेवढ्यात तुझा दादा म्हणाला, "ते नको, ते भयंकर दिसतं." आणि पहिला हात घेऊन तो थेट दाराशी उजेडात गेला. कापडाला जुळणारा दोरा आपण जसा बाहेरच्या उजेडात नेऊन बघतो ना, तसं त्यानं माझ्या डाव्या हाताशेजारी ते रबरी कातडं धरून बघितलं. पाच छटा परत केल्या, सहावी घेतली. बावीस वर्षांत माझ्याकडे इतकं निरखून त्यानं पहिल्यांदाच बघितलं असेल. मला नाही म्हणवलं नाही.

तर हात घरी आलाय. सुंदर आहे, यात वाद नाही. मी त्याचं नाव पाहुणा ठेवलंय. नीटनेटका येऊन बसतो, आणि त्याला काम सांगायची सोय नाही.

वहिनी

१८ एप्रिल

वन्सं,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू फोनवर फुरंगटलीस. आता सगळं लिहिते, पण हे पत्र वाचून फाड. दादाला एक अक्षर कळलं तर तुझ्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी मी तुझ्या मालकांना पत्रानं कळवीन.

पाहुण्यानं दोन महिन्यांत काय काय केलं ऐक. एकदा दारात अडकला. एकदा खडूनं माखला, तो डाग जाईना. एकदा मी कापड दाबून धरावं म्हणून त्याला टेबलावर ठेवलं, तर घसरून तो माझ्याकडे तळवा करून पडला, टाळी मागत असल्यासारखा. दुकानात मी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाइकं हाताकडे बघतात, फसतात, मग फसल्याचं कळून ओशाळतात. त्यांना धीर देण्यात माझा दिवस जातो. आणि तुझा दादा पाच फुटांवर कापड वाकडं कापत असतो.

म्हणून मी गुपचूप चोच घेतली. थेरपिस्ट बाई आणि काका दोघंही कटात आहेत. चोच बाईंच्या उपचार केंद्रातच ठेवते, आठवड्यातून चार दिवस तिथे शिकायला जाते. घरी सांगते, व्यायामाला चालले. तेही खोटं नाही. खांद्यांवरून पाठीमागे एक पट्टा जातो, त्याला तार. हात जरा पुढे ढकलून खांदा गोल केला की तार ओढली जाते आणि चोच उघडते. सैल सोडलं की रबराच्या कड्या ती मिटवतात. एक कडी म्हणजे हलकी पकड, तीन कड्या म्हणजे तुझ्या दादाची गल्ल्यावरची पकड. पहिल्या दिवशी मी एक कागदी पेला चिरडला, सहा ठोकळे पाडले, आणि खांदे उडवून उडवून अशी दिसत होते की बाजूच्या आजोबांनी विचारलं, "तुम्हाला कशाचीच पर्वा नाही का हो?"

आता पेला उचलते. कागद धरते. चोचीला काही जाणवत नाही, तिनं काय धरलंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं. पण ती बारीक आहे, त्यामुळे दिसतं तरी. पाहुण्याच्या गुबगुबीत बोटांत काय आहे ते बघायला वाकून पलंगाखाली शोधल्यासारखं शोधावं लागायचं.

आता काम. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालत नाही, पाती फाकतात आणि कापड कापायच्या ऐवजी मध्येच दुमडतं. मला डावखुऱ्या माणसाची मोठी कात्री हवी, शिंप्याची. इथे विचारलं तर तुझ्या दादाच्या कानावर जाईल. तू शोध.

कटकारस्थानी वहिनी

२ मे

वहिनी,

कात्री पाठवली आहे. पार्सलवर "चष्म्याच्या काड्या" असं लिहिलंय. टपालवाला वजन बघून म्हणाला, हत्तीचा चष्मा का?

पण मी खूश नाही. तू चोच लावून दुकानात आलीस की दादाला रोज ती बस दिसेल. पाहुणा लावला की निदान तासभर तरी त्याला वाटतं की काही झालंच नाही. तू हे म्हणशील की हात तुझा आहे. आहेच. मी पण आठवडाभर तेच म्हणत होते स्वतःला.

मग काल दुकानात एक बाई आल्या. चार वर्षांपूर्वी माझ्याच हातून झोकदार फ्रेम घेऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, फ्रेम फार छान, सगळे विचारतात, पण कुणाकुणाचे चेहरे दिसत नाहीत. चार वर्षं. नंबरच चुकला होता, आणि फ्रेमच्या नादात ते कुणी विचारलंच नाही, अगदी मीसुद्धा नाही. त्या गेल्यावर मी कात्रीचं दुकान शोधायला निघाले. एवढंच.

मला तुझ्याशी एका बाबतीत नीट बोलायचंय, पण आत्ता नाही. आधी तू चोच दाखव घरी.

वन्सं

५ जून

वन्सं,

दाखवली!

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी दुकान उघडलं, चोच लावली, ओढणी खांद्यावरून काढली आणि तुझ्या दादासमोर जाऊन त्याच्या पुढ्यातली दोऱ्याची रीळ उचलली. तो मशिनवर मान घालून बसला. मान वर न करता म्हणाला, "छान आहे." मशीन बंद होतं, वन्सं. बंद मशिनवर तो पाच मिनिटं शिवत होता.

पण मग स्वतःहून म्हणाला, "काप." दातांच्या डॉक्टरांचा करडा कोट होता. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले, कारण आता कात्री डावीकडून येते. चोचीनं कापड दाबलं, खडूनं आखलं, आणि कापलं. पहिली कात्री चालली ना, तो करकर आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अर्ध्या दिवसाचं काम मला दोन दिवस पुरलं, खांदा असा दुखला की भात ढवळवेना. पण कापला. गठ्ठा बांधून तुझ्या दादाच्या मशिनवर ठेवला आणि मी घरी येऊन नऊ तास झोपले.

काल डॉक्टर कोट घेऊन गेले. आरशासमोर वळून वळून बघत होते. मी गल्ल्यामागून बघत होते. वन्सं, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. दादाला सांगायला हरकत नाही.

तुला काय बोलायचं होतं?

तुझी,
कापणारी वहिनी

२६ जून

वहिनी,

तीन आठवडे हे पत्र लिहिते आणि फाडते आहे. माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर असताना दादा मला सगळं का सांगतो, हे त्यालाच ठाऊक.

करड्या कोटाचे दोन्ही पुढचे भाग तू डावेच कापलेस. दुहेरी कापड चोचीत नीट धरलं जात नव्हतं म्हणून तू एकेरी घालून एकेक भाग कापलास ना? दुसऱ्या वेळी कागदाचा नमुना उलटा करायचा राहिला. बाजू बदलून उभी होतीस, सगळंच आरशातल्यासारखं. दादानं गठ्ठा सोडला आणि त्याच्या ध्यानात आलं. तो तीन दुकानं हिंडला, त्याच थानाचं कापड मिळवलं, स्वतः कापलं, आणि तुला काही बोलला नाही. तुझे दोन डावे भाग त्यानं अस्तरांच्या कपाटामागे कोंबलेत.

आणि दुसरं. हे मला जानेवारीपासून माहीत आहे, म्हणून जास्त लाज वाटते. तो कापायचं टेबल देऊन टाकतोय. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला. त्या जागी काचेचं कपाट येणार, तयार कपडे विकायचे, कापायचं नाही, शिवायचं फक्त तुरपाईपुरतं. म्हणाला, "तिला टेबलाकडे बघत बसायला लावणं हा छळ आहे." मला ते तेव्हा पटलं होतं. आता पटत नाही.

जुलैच्या मध्यावर हमाल येणार आहेत. मी हे सांगितलं असं सांग त्याला. पार्सलावर खोटं लिहिलं ते तुझ्यासाठी, त्याच्यासाठी मी खोटं बोलणार नाही.

तुझी नालायक वन्सं

१९ जुलै

चिमे,

मी कधी पत्र लिहीत नाही. फोनवर बोललो तर आवाज चढेल, म्हणून लिहितो.

तू तिला सांगितलंस. सांगायला नको होतंस. परवाचा दिवस सोडला तर आज नऊ दिवस ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, वाढताना चोच अशी वाजवते की मीठ मागायची हिंमत होत नाही.

परवा हमाल आले. ती टेबलावर मांडी घालून बसली होती. त्यांना म्हणाली, "न्या. फक्त मी खाली उतरणार नाही. वाचनालयात मला वर्तमानपत्र मिळेल ना?" दोघं माझ्याकडे बघायला लागले. त्यांतला म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमचं आधी घरात ठरवा, आम्ही चहा पिऊन येतो." ते परत आलेच नाहीत.

मग तिनं कपाटामागून ते दोन डावे भाग काढले आणि माझ्यासमोर पसरले. म्हणाली, "हे का लपवलंस?" मी म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणाली, "बावीस वर्षांत माझी एक चूक तू सोडली नाहीस. अर्धं सूत इकडेतिकडे झालं तरी दुकान डोक्यावर घ्यायचास. मी पण घ्यायचे. आता दोन डावे भाग कापले आणि तू गप्प? आता मी इथे कोण आहे? पाहुणी?"

चिमे, तुला एक सांगतो, तिलाही कधी म्हटलं नाही. त्या दिवशी स्कूटरवर ती मागे बसून म्हणाली होती, बसला पुढे जाऊ दे. मी ऐकलं नाही. पाच सेकंदं थांबलो असतो तर. आता तिची चूक दाखवायला माझं तोंड कुठे आहे? तिच्या कात्रीचा आवाज आला की मला वाटतं, चुकू दे, मी मागून सगळं नीट करीन. एवढंच मला करता येतं.

टेबल आहे तिथेच आहे. पुढे काय करू ते सांग.

दादा

२३ जुलै

दादा,

मीही तुला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे आपण फिटलो.

बसचं जे मला लिहिलंस ते तिला सांग. मला लिहून काय उपयोग, मी स्कूटरवर नव्हते. ती दहा महिने तुझं तोंड बघते आहे, तिला ते कळलं नसेल असं तुला वाटत असेल तर तू फक्त शिंपीच बरा.

आणि ते सांगून झालं की तिच्याशी भांड. तू मागून नीट करतोस म्हणजे तिनं कापलं काय आणि नाही कापलं काय, सारखंच. मग तिच्या त्या चोचीचा, दुखऱ्या खांद्याचा, रोजच्या सरावाचा उपयोग काय? पाहुण्याची चूक आपण पोटात घालतो, दादा. घरच्या माणसाला तोंडावर सांगतो.

पुढचं पत्र चुकीच्या पत्त्यावर, म्हणजे मला, पाठवू नकोस.

चिमी

३० ऑगस्ट

वन्सं,

तुझा दादा मला म्हणाला, "तिला तूच लिही, माझी पत्रं लिहायची हौस फिटली." म्हणून लिहिते.

बसचं त्यानं मला सांगितलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून, स्टुलावर बसून, जमिनीकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, मला आठवतंय, मीच तर म्हटलं होतं. तो म्हणाला, मग तू कधी बोलली का नाहीस? मी म्हटलं, तू खूप चांगला वागत होतास, मध्ये कुठे बोलू? मग आम्ही दोघंही रडलो, बऱ्यापैकी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून म्हणालं, "बटण लावून मिळेल का?" तुझ्या दादानं नाक पुसत पुसत लावून दिलं.

त्यानंतर साहेबांनी माझ्याशी भांडायला सुरुवात केली. पण कशी, ते बघायला तू हवी होतीस. मी एक खिसा जरा तिरपा आखला. तो समोर येऊन उभा राहिला, घसा साफ केला, आणि म्हणाला, "हे काय. हे बरोबर नाही. मला राग आला आहे." शाळेच्या नाटकात राजाचं काम मिळालेल्या पोरासारखा. मला इतकं हसू आलं की चोच उघडून कापड खाली पडलं. तुझं पत्र त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं, ते मला दिसत होतं. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मीच त्याला पाणी दिलं.

मी कापत होते, जमत होतं. दुहेरी कापडाला कडेनं वजनं ठेवते आणि चोचीनं फक्त कात्रीजवळची घडी धरते, काकांनी चोचीच्या आतून रबराचं अस्तर लावून दिलंय. नमुन्यांवर मोठ्या अक्षरांत "उजवा" आणि "डावा" लिहिलंय. तरीही रोज रात्री धाकधूक असायची, की उद्या कपाटामागे हात घालून बघावं का. दोनदा बघितलंही. काही नव्हतं. पण त्यानं लपवायची जागा बदलली असेल तर? खरं सांगते, वन्सं, हात गेला तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. माझं काम माझं आहे की नाही, हेच मला कळत नव्हतं.

आणि काल. एक जादूगार आहेत, रात्री त्यांचा प्रयोग होता. जांभळ्या मखमलीचं जाकीट. मखमलीला लव असते, सगळे भाग एकाच दिशेनं कापायचे. मी कापड वाचवायला एक बाही उलटी मांडली. हात नवा असो की जुना, ही चूक कच्च्या कारागिराची. कापून दिली आणि गल्ल्यावर बसले. जादूगार समोर खुर्चीत, कबुतराच्या पिंजऱ्यासकट.

बाह्या टाचून झाल्यावर तुझ्या दादानं जाकीट दाराशी उजेडात नेलं. एक बाही गडद, एक फिकी. म्हटलं, आता घडी घालेल, काहीतरी कारण सांगून बाहेर जाईल.

तो वळला, आणि असा ओरडला की कबुतरानं पंख फडफडवले.

"ही काय मखमल कापलीस? लवेकडे बघायला नको? बावीस वर्षं काय गवत कापत होतीस?" आणि जाकीट आणून टेबलावर माझ्यासमोर आपटलं. खिसा चाचपला नाही, घसा साफ केला नाही. कानशिलं लाल झाली होती. "कापलीस तू, परत कापायचीही तूच. मी हात लावणार नाही."

जादूगार म्हणाले, "अहो, जाऊ द्या, लांबून कळणार नाही," तर त्यांनाही म्हणाला, "तुम्ही मध्ये पडू नका."

मी उभी राहिले. ओरडून उत्तर द्यायला तोंड उघडलं, दोन-तीन चांगली उत्तरं तयारही होती, आणि उत्तराच्या जागी रडूच आलं. दुःखाचं नव्हे, वन्सं. वर्षभर जे धरून ठेवलं होतं ते सगळं. जादूगार गडबडून रुमाल काढायला लागले आणि त्यांच्या बाहीतून एकाला एक बांधलेले सात रुमाल निघाले, लाल, पिवळे, हिरवे. मी रडता रडता हसायला लागले.

तुझ्या दादानं हातातली पट्टी टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं.

"रड नाहीतर हस," तो म्हणाला, "पण बाही मला सहाच्या आत हवी."

पावणेसहाला दिली.

वहिनी